बाहेरून बंद केलेला गजर

सर पायथन ही संगणकाची भाषा शिकवायचे, आणि प्रत्येक नव्या वर्गाची एकदा तरी फजिती करायचे. क्लासच्या, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका बंदिस्त तुकड्याच्या, आत एखाद्या नावाआधी दोन अंडरस्कोर, म्हणजे खालच्या रेघा, टाकले, की त्या नावाची किंमत खाजगी होते.

"म्हणजे कुलूप का, सर?" कोणीतरी विचारायचंच.

"कसलं कुलूप! पायथन गुपचूप त्या नावापुढे क्लासचं नाव चिकटवतं, बस. आता बाहेरून तेच नाव लिहून नवी किंमत द्या. ते हूं की चूं करणार नाही, वेगळंच नाव तयार करील. स्क्रीनवर छापून बघा, नवी किंमत दिसेल. आतलं काम मात्र जुन्याच किमतीवर चालू!"

मुलं तोंडघशी पडली की सरांना कोण आनंद व्हायचा.

बायको अंथरुणाला खिळली, तेव्हा सरांनी तिच्या गोळ्यांसाठी पायथनमध्येच गजर लिहिला. विसरभोळेपणात सरांचा हात धरणारं कोणी नव्हतं, म्हणून आवाज तिनेच दिला: "अहो, गोळी आणा! नाहीतर मी चालले." ऐकून दोघंही हसायची, आणि सर धडपडत पाणी घेऊन जायचे.

ती गेलीच.

भेटायला आलेली माणसं पांगल्यावर लेक म्हणाली, "बाबा, तो गजर बंद करा हो. मला नाही ऐकवणार."

सरांनी तिच्यादेखत एक ओळ लिहिली, किंमत छापून दाखवली. चालू: नाही.

संध्याकाळी दोघं जेवायला बसली, तोच आतून आवाज आला, "अहो, गोळी आणा!" सर ताडकन उठले, पेला भरून पलंगापाशी गेले. रिकामी गादी दिसली, तसा त्यांनी पेला उशाशी ठेवला.

लेक त्यांच्याच हाताखाली शिकलेली. तिने ती ओळ पाहिली. दोन अंडरस्कोर, क्लासच्या बाहेरून.

"बाबा, तुम्ही? ही चूक?"

"डोकं ठिकाणावर नाही गं माझं." तिने क्लास उघडला, तसे ते कासावीस झाले. बायकोचा आवाज पुन्हा कधीच ऐकू येणार नव्हता. "थांब. मीच करतो."

त्यांनी आतली किंमत बदलली. या वेळी अगदी बरोबर.

दुसऱ्या संध्याकाळी घर गप्प होतं. सर उठले, पेला भरून पलंगापाशी गेले.

"बाबा, गजर कुठे वाजला?"

"नाही वाजला," सर म्हणाले, आणि गादीच्या कडेवर बसून ते पाणी स्वतःच प्यायले.