मस्कतला गेलेला कावळा

माझ्या आत्याइतकी जळकी बाई आख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरी नसेल, आणि असलीच तर आत्या तिच्यावरही जळत असेल. हे मी प्रेमानं लिहिते आहे. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे माणसांबद्दल लिहिताना अजून चाचरायला होतं; कुठपर्यंत लिहावं, कुठं थांबावं, याचा अंदाज येत नाही. पण आत्याचं जळणं वगळून आत्याबद्दल लिहायचं म्हणजे फोडणी न घालता आमटी केल्यासारखं होईल.

शेजारणीच्या शेवग्याला जास्त शेंगा लागल्या की आत्या शेजारणीशी नाही, स्वतःच्या शेवग्याशी बोलणं टाकायची. माझ्या आईनं नवं पातळ नेसलं की आधी पदर हातात घेऊन चोळून बघायची, मग "रंग जाईल बघ ह्याचा" म्हणायची, आणि रंग गेला नाही तर त्या पातळाकडं पुन्हा कधी बघायचीच नाही. लग्नाहून आली की नवरी काळी होती का गोरी हे तिला सांगता यायचं नाही, पण आमटी कुणाच्या येसराची होती ते पहिल्याच भुरक्याला कळलेलं असायचं. येसर म्हणजे गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून केलेलं पीठ. आमच्याकडं कार्यातली आमटी त्याच्याच जिवावर उभी राहते आणि लिंबागणेशात, म्हणजे आत्याच्या गावात तरी, तिच्या येसराला तोड नव्हती. कुणी कृती विचारली तर ती नाही म्हणायची नाही. अगदी हसून, हात धरून सांगायची. फक्त एक जिन्नस गाळायची, आणि तोही प्रत्येकीला वेगळा. त्यामुळं गावात जितक्या बायका तितक्या अपुऱ्या कृती आहेत. मी सख्ख्या भावाची मुलगी, म्हणून मला दोन जिन्नस गाळून सांगितलं आहे.

पुढं आत्या येसराचे पुडे विकायला लागली. बचत गटाच्या मॅडमनी जेव्हा सांगितलं की पुड्यावर काहीतरी मार्का पाहिजे, तेव्हा पेंटरनं मोर सुचवला. आत्या म्हणाली, "मोर काढला की उद्या गल्लीभर मोर नाचतील. असं काय तरी काढ, की कुनाला चोरावंसंच वाटनार न्हाई." तेवढ्यात वाळवणाजवळच्या भिंतीवर एक कावळा येऊन बसला. मान तिरकी, पोट सुटलेलं, नजर वाळवणावर. ठरलं. लोक म्हणाले, पित्रांचा पक्षी खायच्या पुड्यावर कुठं काढतात का? आत्या म्हणाली, "पित्र जेवून तृप्त हुतील, तुमाला काय तरास?" आणि कावळा मार्का येसर बाजारात आला. मॅडमनी त्या कावळ्याची रीतसर सरकारी नोंदणीही करून दिली. ते प्रमाणपत्र आत्यानं काचेत मढवून देवघरात, महादेवाच्या पिंडीशेजारी लावलं. रोज त्यालाही भस्म लागायचं.

आत्याची थोरली जाऊ समोरच्याच घरात राहते. तिला मी थोरल्या काकू म्हणते. कावळ्याचा जोर बघून थोरल्या काकूंनीही येसर काढला, आणि पुड्यावर कोकिळा काढली. झालं. आत्या पुडा घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली. "बाई, ही कोकिळा न्हाई. हा माझाच कावळा हाय. नुसते डोळे लाल केलेत!" काकू आतून ओरडल्या, "आगं, कोकिळाच हाय ती! गाऊन दाखवू का?" गल्लीतली माणसं चहाचे कप हातात घेऊन ओट्यावर आली होती. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद झालं. म्हणजे एकमेकींशी बंद. एकमेकींबद्दल दिवसभर चालू.

मला एक गोष्ट कबूल करायला पाहिजे, म्हणजे गुन्हा वगैरे नाही, नुसती मनातली. आत्या माझ्यावर कधीच जळली नाही. बारावीला मला चांगले मार्क पडले तेव्हा तिनं पेढा भरवला, पाठीवरून हात फिरवला, "शाबास गं माझी बाई" म्हणाली. मला वाईट वाटलं. आत्या ज्यांना खरोखर मोजते त्यांना ती पेढे देत नाही.

तर नेकनूरचा एक ड्रायव्हर मस्कतला कामाला होता. सुट्टीला आला की तो आत्याचे पुडे घेऊन जायचा. तिथल्या एका दुकानदाराला ते आवडले. आधी पिशवीभर, मग खोकीच्या खोकी जाऊ लागली. ज्या दिवशी पहिलं खोकं गेलं त्या दिवशी आत्या समोरच्या घराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता काय बाई, आमचा कावळा समुद्र वलांडतुया!" मग अचानक मागणी थांबली. थोड्या दिवसांनी ड्रायव्हरनं फोटो पाठवला. तोच कावळा, तीच तिरकी मान, तेच पोट. पुडा मात्र दुसऱ्याचा. त्या दुकानदारानं दुसरीकडून मसाला भरून घेतला होता आणि कावळा स्वतःच्या नावावर करायला तिथल्या सरकारात अर्जही टाकला होता.

"कसा टाकला?" आत्यानं देवघराकडं बोट केलं. "आपल्याकडं शिक्का हाय की."

"आत्या, शिक्का भारताचा आहे. तो भारतातच चालतो. तिकडं वेगळी नोंदणी करावी लागते," मी म्हणाले. मी कॉमर्सची म्हणून मला बोलावलं होतं. खरं तर मीही हे आदल्याच दिवशी कॉलेजात सरांना विचारून आले होते.

"म्हंजे कावळ्याला पासपोर्ट लागतू?"

"तसंच समज."

आत्या खाली बसली. तिला मी कधी रडताना पाहिलेलं नाही, तेव्हाही ती रडली नाही, पण त्या दिवशी तिनं कुणालाही नावं ठेवली नाहीत, आणि मामा, म्हणजे तिचे यजमान, घाबरून मला म्हणाले, "पोरी, काय तरी कर. ही गप बसलीया."

सरांनी संभाजीनगरच्या एका वकीलबाईंचं नाव दिलं. आम्ही दोघी एसटीनं गेलो. बाईंनी शांतपणे सांगितलं, की त्या देशात आधी अर्ज करणाऱ्याचं ऐकतात, पण अर्ज जाहीर झाल्यावर ठरलेल्या मुदतीत हरकत घेता येते. मार्का आधीपासून तुमचा होता आणि दुकानदाराला ते माहीत होतं, एवढं दाखवावं लागेल. त्याच वेळी तुमच्या नावानं तिथं आपलाही अर्ज करू. आणि मग जाता जाता म्हणाल्या, "यात मालकानं सतत जागं राहावं लागतं. कुणी जरासं सारखं चिन्ह काढलं की लगेच हरकत घ्यायची. गप्प बसलं तर हक्क कमजोर होतो."

आत्या खुर्चीत ताठ झाली. "म्हंजे जळायचं."

"जळायचं नाही हो, लक्ष ठेवायचं."

"त्येच की. गावातली मानसं त्येलाच जळनं म्हनत्यात."

इतकी वर्षं जिला सगळ्यांनी नावं ठेवली, तिचा स्वभाव कायद्यात बसतो हे तिला त्या दिवशी कळलं. परतीच्या एसटीत तिनं कंडक्टरलाही ते सांगितलं.

अडचण पुराव्याची होती. आत्यानं आयुष्यात कुणाला बिल दिलेलं नव्हतं. देवघरातल्या प्रमाणपत्राची प्रत जोडली, ड्रायव्हरनं खोकी नेल्याचं लिहून दिलं. पण प्रत्यक्ष बाजारातही त्याआधीपासून कावळा आत्याचाच होता, हे त्याच धंद्यातल्या कुणीतरी शपथेवर सांगावं, असं वकीलबाईंचं म्हणणं. शक्यतो अशा कुणी, जिच्याशी मार्क्यावरूनच वाद झाला असेल. मुदत संपत आली होती. मग एका दुपारी तिनं चांगलं पातळ नेसलं, मला बरोबर घेतलं, आणि आम्ही समोरच्या घराचा उंबरा चढलो.

थोरल्या काकू लसूण सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "भांडायला आलीस का?"

"न्हाई. भांडन झालतं म्हनून लिहून द्या, म्हनायला आले."

"कंचं? लई झालीत."

"कावळ्याचं."

"ती कोकिळा हाय."

"बाई," आत्या म्हणाली, आणि तिचा आवाज मी पहिल्यांदाच असा खाली आलेला ऐकला, "कावळा जातुया वो माजा."

काकूंनी लसणाची पाटी बाजूला सारली. मी सगळं समजावून सांगितलं, फोटो दाखवला. त्यांनी तो लांब धरून नीट पाहिला. "मुडद्यानं मान बी तशीच ठिवलीया," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. "लिही गं पोरी. ह्या बाईचा मार्का आधीचा. माजी कोकिळा तो बघूनच काढलेली. पेंटरला हिचाच पुडा दिलता मी."

इतकी वर्षं ज्या एका वाक्यासाठी आत्या भांडली, ते तिला बसल्या जागी मिळालं होतं. "मंग तवा कावून न्हाई बोललात?"

"तवा तुजा खपत हुता, माजा न्हाई. तू एकटीच जळती का? आमाला बी येतं जळता."

बीडला नोटरीपुढं काकूंनी सही केली तेव्हा आत्या त्यांच्या शेजारी उभी होती, पदर तोंडाला लावून. जिंकली म्हणून का आणखी कशानं, मला सांगता येणार नाही. पण वकीलबाईंनी आणखी एक काम सांगितलं. काकूंनी नक्कल केल्याचं आता कागदावर आलं होतं. मग कोकिळा तशीच चालू ठेवली तर समोरचा म्हणेल, हिनं एकीला चालू दिलं आणि मलाच का अडवते? एक तर कोकिळा बंद करा, नाहीतर तिला लेखी परवानगी द्या. मला वाटलं, आत्या बंदच करणार. आत्या म्हणाली, "परवानगी लिव्हा." परवानगीचा कागद घेऊन आम्ही घरी आलो, तर थोरल्या काकूंनी तो हातातसुद्धा धरला नाही. "हिच्या परवानगीनं विकायचं? मी?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी येसर भाजायचा बंद केला.

मस्कतचा निकाल यायला फार दिवस गेले. दुकानदाराचा अर्ज फेटाळला गेला, कावळा तिथंही आत्याच्या नावावर लागला. आम्ही पेढे वाटले. आत्यानं पहिला पेढा समोरच्या घरी पाठवला. तो परत आला.

संकष्टीला गणपतीच्या देवळाच्या वाटेवर आत्या पुडे मांडून बसते. तिच्या शेजारी थोरल्या काकू बसायच्या, पोती एकमेकींना खेटलेली आणि तोंडं दोन दिशांना. परवाच्या संकष्टीला मी मदतीला गेले होते. गर्दी होती, बसायला तीळभर जागा नव्हती, आत्याच्या उजव्या हाताला मात्र एक पोतं अंथरून मोकळं ठेवलेलं. एक फुलवाली तिथं टोपली टेकवायला लागली तर आत्यानं तिला हाकललं. नारळवाल्यालाही हाकललं. मी आपली घरचीच, म्हणून जाऊन बसले.

"ऊठ तितनं," आत्या म्हणाली.

"कावून? रिकामीच तर आहे."

"एकीची जागा हाय ती."

"पण आत्या, काकूंनी तर विकणं सोडलं."

आत्या पुडे सरळ करत राहिली. एक गिऱ्हाईक आलं, दोन पुडे घेऊन गेलं. ते गर्दीत दिसेनासं होईपर्यंत ती त्याच्या पिशवीकडं बघत होती.

"सोडलंया," ती म्हणाली. "पर माजा येवढा खपतुया, ह्ये तिला किती दिस बघवंल?"

मी उठले आणि पुड्यांच्या मागं, चपलांपाशी जागा करून बसले. ऊन त्या मोकळ्या पोत्यावर आलं होतं. आत्या मधूनच हातानं त्याच्यावरची धूळ झटकत होती, आणि मला, खरं सांगायचं तर, थोरल्या काकूंचा फार हेवा वाटत होता.