बटाटेबाई आणि पाच दहाची बस

एकच बंगला मी चार जणांना विकला, म्हणून मी आत आहे. हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे सांगणार आहे त्यावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.

आमच्या तुरुंगाला भिंत नाही. एका बाजूला समुद्र आणि तीन बाजूंना कोबी. इंग्लंडातल्या या लिंकनशायरची जमीन परातीसारखी सपाट, त्यामुळे पळून जाणारा माणूस मैलभर लांबूनसुद्धा दिसतो. शिक्षेची शेवटची वर्षं उरलेल्यांना इथे आणतात. माणसं सकाळी बाहेर कामाला जातात आणि संध्याकाळी सहाच्या आत परत येतात, आपल्या पायांनी. उशीर झाला की नोंद होते. तीन नोंदी झाल्या की सामान बांधायचं आणि भिंतवाल्या तुरुंगात परत जायचं.

आमच्यावर आणि आमच्या साहेबांवरही नजर ठेवायला बाहेरच्या लोकांचं एक मंडळ आहे. बिनपगारी. त्यांना कुठल्याही दारातून आत जाता येतं, कुणालाही काहीही विचारता येतं आणि पाहिलेलं लिहिता येतं. हुकूम मात्र एकही देता येत नाही. म्हणजे दात काढलेलं कुत्रं, असं आम्ही म्हणायचो. मी त्या मंडळाच्या खोलीतला चहावाला होतो. काम झकास होतं, हीटरशेजारी बसायला मिळायचं.

ग्लेनिस मॉल्टबी त्या मंडळात आली तेव्हा सदुसष्टची होती. नवरा वारलेला, मुलगी लांब, उजवा गुडघा कामातून गेलेला. उभी हयात तिने बटाट्याच्या कारखान्यात घालवली. पट्ट्यावरून बटाटे यायचे आणि ही नासके उचलून बाजूला टाकायची, एकतीस वर्षं. आम्ही तिला बटाटेबाई म्हणायचो. पाठीमागे म्हणायचो, पण तिला ठाऊक होतं.

तुरुंगाच्या मुख्य साहेबाला इथे गव्हर्नर म्हणतात. पहिल्याच दिवशी उपगव्हर्नर व्हिटिंगने तिच्यासमोर बिस्किटांची बशी सरकवली. बाईंनी ती तशीच परत सरकवली, पिशवीतून स्वतःचा डबा काढला, स्वतःचा मग काढला, आणि स्वतःची, मगात बुडवायची चहाची पुडी माझ्या हातात दिली.

"पाणी तुमचं घेते," ती मला म्हणाली, "पाण्याला मालक नसतो."

ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, हे तिला शिकवावं लागलं नाही. व्हिटिंगचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्या दिवसापासून ती मला आवडायला लागली आणि म्हणूनच मी तिची खोड काढली. मी आहेच तसा नालायक.

झालं असं, की पोरांशी माझी पैज लागली. चहा देताना मी बाईंच्या कानाशी हळूच म्हणालो, "माझं नाव घेऊ नका, पण स्वयंपाकघरात पावाच्या भट्टीखाली झुरळं आहेत. शेकड्यांनी." बाई नवीन होती. तिने ते जसंच्या तसं कडक शब्दांत गव्हर्नरला लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी भट्टी ओढली, फरशा उचकटल्या, दोनशे माणसांना नाश्ता अकराला मिळाला. झुरळ एकही निघालं नाही. व्हिटिंग भर बैठकीत हसला. बाईंना त्याने विचारलं, "हे सांगितलं कुणी?" ती म्हणाली, "ते मी सांगत नसते." सगळं हसू तिने एकटीने अंगावर घेतलं आणि मी तिच्यासमोर चहा ठेवून साळसूदासारखा बाहेर आलो.

त्यानंतर तिने एक नेम केला. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक अक्षर लिहायचं नाही. "बटाटा हातात घेतल्याशिवाय कळत नाही, नॉर्मन," ती म्हणायची. बरोबरच होतं तिचं. पण त्याची झळ लागली कॉलिनला.

कॉलिन स्पेट माझ्या शेजारच्या खोलीतला. सोळा वर्षं आत काढलेली. केलं होतं ते वाईटच होतं, त्याबद्दल तोसुद्धा कधी वाद घालायचा नाही. आता जूनच्या शेवटी सुटकेची सुनावणी होती. तो गावातल्या जुन्या फर्निचरच्या दुकानात कामाला जायचा. इतर दिवशी तुरुंगाची व्हॅन त्याला आणायची, गुरुवारी मात्र व्हॅन दुसरीकडे जायची. म्हणून गुरुवारी पाच दहाची बस. त्याच्या परवान्यावर तसंच लिहिलेलं.

आणि ही बस कधी यायची, कधी नाही. ड्रायव्हर कमी पडला की कंपनी नेमकी तीच फेरी गाळायची. एप्रिलमध्ये एकदा गाळली, कॉलिनला उशीर, पहिली नोंद. त्याने मंडळाच्या पेटीत चिठ्ठी टाकली. बाईंनी व्हिटिंगला विचारलं. त्याने भिंतीवरच्या वेळापत्रकावर बोट ठेवलं.

"ही काय. पाच दहा. यांची एकेक कारणं असतात, बाई."

"तुम्ही कधी गेलाय त्या बसने?"

"मी? मी कारने येतो."

सगळं ऑफिसच कारने यायचं. उंटावरून शेळ्या हाकणारी मंडळी. पण बाई तरी काय करणार, एका चिठ्ठीवर विसंबून ती एकदा तोंडघशी पडली होती. तिने थांबायचं ठरवलं. मे महिन्यात बस पुन्हा आली नाही. दुसरी नोंद झाली, दुसरी चिठ्ठी आली. त्या चिठ्ठीत कॉलिनने एवढंच लिहिलं होतं, "बाई, एकदा येऊन बघा."

ती गेली. तीन गुरुवार त्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. पहिल्या गुरुवारी बस आली, पाच दहाला, टकाटक. दुसऱ्या गुरुवारीही आली. वर ड्रायव्हरने बाईंना हात केला. कॉलिनचा चेहरा उतरला. बस आली नाही तर तिसरी नोंद, आणि आली तर हा खोटारडा. त्याला काय मागावं तेच कळेना.

तिसऱ्या गुरुवारी बस आली नाही.

पाच वीस झाले, पाच तीस झाले. बाईंनी त्याला गेटला फोन लावायला सांगितलं. फोन अकरा वेळा वाजला, उचलला कुणी नाही. तिने वहीत अकरा लिहिलं. तिची लाल गाडी समोर वाचनालयाच्या दारात उभी होती.

"बाई, गाडीतून सोडा की," कॉलिन म्हणाला. "दहा मिनिटांचा रस्ता आहे."

"कैद्याला गाडीत घ्यायचं नाही, असा मंडळाचा नियम आहे."

"मग तुमचा उपयोग काय?"

"बघायचं," ती म्हणाली. "चल, चालायला लाग."

"तुमचा गुडघा?"

"तो माझा आहे. त्याला घेऊनच चालणार."

चार मैल. त्या रस्त्याला पायवाट नाही, एका बाजूला चर आणि दुसऱ्या बाजूने भाजीचे ट्रक. एकटा कॉलिन पळत सुटला असता तर सव्वासहाला पोहोचला असता. त्याने विचारलंही, पळू का म्हणून. बाई म्हणाली, "पळ. पण साक्षीदार मागे राहील." तो राहिला. दर अर्ध्या मैलावर ती चरीच्या कडेला बसायची आणि डब्यातलं बिस्किट एकटीच खायची, कारण कैद्याला काही द्यायचं नाही हाही नियमच. कॉलिन मला म्हणाला, त्या बाईला चरीत ढकलून द्यावंसं वाटत होतं आणि पाठीवर घ्यावंसंही. सात दहाला दोघं गेटवर आले. गेटवरच्याने लिहिलं, सत्तर मिनिटं उशीर. तिसरी नोंद.

शुक्रवारी सकाळी गव्हर्नरच्या खोलीत निकाल. गव्हर्नर, व्हिटिंग, कॉलिन, आणि खुर्चीवर पाय लांब करून बाई. गुडघा नारळाएवढा सुजलेला. चहा घेऊन मी.

बाईंनी वही वाचली. तारीख, वेळ, अकरा वेळा वाजलेला फोन. "आधीच्या दोन चिठ्ठ्याही हेच सांगतात," ती म्हणाली. "तेव्हा मी गेले नाही. ती चूक माझी, तशी लिहून घ्या."

व्हिटिंग गोड हसला. "मंडळाबद्दल आदर आहेच, साहेब. पण याच बाईंना नसलेली झुरळं दिसली होती. आता असलेली बस दिसत नाही. अशा डोळ्यांवर आपण किती विसंबायचं?"

गव्हर्नर पेनशी चाळा करत राहिला. कॉलिन फरशीकडे बघत होता. बाईंच्या हातात एकच उत्तर होतं, माझं नाव. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने मगातली पुडी काढली आणि बशीत पिळली.

मला खरंच वाटत होतं की मी गप्प बसेन. आयुष्यभर तेच तर केलं. बंगल्याची चार गिऱ्हाइकं रडत होती तेव्हाही मी गप्पच होतो. पण त्या पुडीकडे बघून मला माझीच किळस आली. मी ट्रे खाली ठेवला.

"झुरळं मी सोडली, साहेब," मी म्हणालो. "म्हणजे नव्हतीच. पैज होती. बाईंना मी फसवलं. त्यांच्या डोळ्यांत काही खोट नाही, माझ्या जिभेत आहे."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. व्हिटिंग लालेलाल झाला. गव्हर्नरने माझ्याकडे बघितलं, मग व्हिटिंगकडे.

"तुम्ही पाहिली आहे ती बस?" त्याने विचारलं.

"वेळापत्रकात..."

"वेळापत्रक मीही पाहिलंय."

तिन्ही नोंदी खोडल्या गेल्या. जूनच्या सुनावणीत कॉलिनची सुटका मंजूर झाली. माझं चहाचं काम त्याच दिवशी गेलं आणि मला बटाट्याच्या शेतात पाठवलं. ही शिक्षा कुणी सुचवली ते मला आजवर कळलेलं नाही, पण माझा संशय बाईंवरच आहे.

बाईंनी माझ्याशी त्यावर चकार शब्द काढला नाही. आभार नाहीत, राग नाही. आठवड्याला काठी टेकत बांधावर यायची, एखादा बटाटा उचलून अंगठ्याने दाबून बघायची आणि सगळ्यांना विचारते तसंच मला विचारायची, "काही तक्रार?" मी नाही म्हणायचो. मला कुठल्या तोंडाने तक्रार असणार.

ऑक्टोबरात एक तक्रार झालीच. आमच्या बराकीच्या मागची पायरी हलत होती, एक म्हातारा कैदी तिच्यावरून दोनदा पडता पडता वाचला होता. मी तिला ते सांगितलं आणि पुढे झालो, पायरी दाखवायला. शंभर पावलांवर तर होती.

बाईंनी वही काढली होती. बांधावर उभ्या उभ्याच ती लिहीत होती.

"बघायला येत नाही?" मी विचारलं.

"गुडघा दुखतोय," ती म्हणाली, आणि खाली तारीख घातली.