टॉमस पाइक वाचला

केडगावच्या अख्तरी तांबोळींना आयुष्यभर वाचायला मिळालं ते दुसऱ्याचं गिचमिड अक्षर. तीस वर्षं तलाठी होत्या. रिटायर झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा पुण्यात वकिली शिकणाऱ्या भाचीनं, इन्शानं, लॅपटॉपवर एक वेबसाइट उघडून दिली. इंग्लंडातल्या कोर्टांच्या चारशे वर्षांपूर्वीच्या कागदांचे फोटो तिथं आहेत. जगभरची हौशी माणसं ते वाचून टाईप करून देतात.

पहिल्याच दिवशी बाईंची फजिती झाली. बहुतेक आरोपींच्या नावावर बारीक अक्षरात ‘कुल’ लिहिलेलं.

“तिकडंही जमिनीला कुळं लागायची की गं,” त्या म्हणाल्या.

इन्शा पोट धरून हसली. “खाला, ते लॅटिन आहे. कुल म्हणजे दोषी. कारकून शब्द अर्धेच लिहायचे.”

पुढं काय झालं, तेही अर्ध्या शब्दात असे. ‘सस’ म्हणजे फाशी. ‘ले’ म्हणजे वाचला. त्या काळी पहिल्यांदा सापडलेल्या चोराला धर्मग्रंथातली ओळ वाचता आली, तर अंगठ्यावर डाग देऊन सोडत. वाचला म्हणून वाचला! हा कायदा मराठी माणसानंच केला असावा, अशी बाईंची खात्री पटली.

मग आला टॉमस पाइक. धंदा विणकर, गुन्हा मेंढी चोरल्याचा. कुल. त्यापुढं शाईचा डाग. आधीच्या वाचकानं तिथं ‘सस’ टाईप केलं होतं. बाईंना डागाखाली ‘ले’मधल्या ‘एल’चा उभा दांडा दिसत होता.

“सोडा ना खाला. तसाही मेलाच असेल आता,” इन्शा म्हणाली.

बाई सोडणाऱ्यातल्या नव्हत्या, आणि त्याला कारण होतं. पुणतांब्याला असताना एका कारकुनानं भीमा नावाच्या शेतकऱ्याला चुकून मयत लिहिलं होतं. भीमा दर सोमवारी चावडीवर येऊन पायरीवर बसायचा. “बाई, मी हाय ना हितं,” एवढंच म्हणायचा. बाईंनी प्रस्ताव पाठवले, स्मरणपत्रं पाठवली. दुरुस्तीचा आदेश आला, त्याच्या आधल्या महिन्यात भीमा खरंच गेला. ते त्यांना अजून सलतं.

म्हणून मेंढीचोरासाठी त्यांनी पुढच्या वर्षांचे कागद उपसायला घेतले. रोज सकाळी दोन तास, चहा तसाच निवून जायचा. नुसतं नाव जुळून तलाठ्याचं समाधान होत नाही. गाव हवं, धंदा हवा. दोन पाइक सापडले, पण एक लोहार निघाला, दुसरा भलत्याच गावचा.

सतराव्या दिवशी सापडला. चार वर्षांनंतरचा कागद, तेच गाव, टॉमस पाइक, विणकर. परवान्याशिवाय दारू विकली म्हणून पकडलेला. आणि शेवटी कारकुनाचा शेरा, अंगठ्यावर जुना डाग.

एखाद्यानं गुन्हा केला म्हणून बाईंना एवढा आनंद कधीच झाला नव्हता. त्यांनी दुरुस्ती पाठवली, पुरावा जोडला. तीन दिवसांनी उत्तर आलं: मान्य.

मग त्यांनी आपली जुनी डायरी काढली आणि सरकारी वळणात लिहिलं, “टॉमस पाइक, विणकर. वाचला. सबब मयत नोंद रद्द.” सवयीनं खाली सहीही केली. वरच्या ओळीत थोडी जागा उरली होती. तिथं त्यांनी भीमाचं नाव लिहिलं, आणि पुढं काय लिहावं ते सुचेना म्हणून पेनला टोपण लावलं.