मी बटण बंद केलं आणि सानिकाचं काम अडलं

परवा दुपारी आमच्या राजारामपुरीवर आभाळ असं गडगडलं, की मी उठून घरातली सगळी बटणं बंद केली. फ्रिज, टीव्ही आणि कोपऱ्यातला तो लुकलुकणारा इंटरनेटचा डबासुद्धा... वीज पडून जळलं तर भरून कोण देणार?

आतल्या खोलीत माझी नात सानिका लॅपटॉपवर बसलेली. ती घरूनच नोकरी करते, पण हे काम नोकरीचं नव्हे, हौसेचं. कॉम्प्युटरला हुकूम द्यायच्या भाषा असतात म्हणे... तसल्या एका भाषेत वर्षभर ती भर घालत होती.

भर कसली? तर दोन कॉम्प्युटर लांबून एकमेकांशी बोलतात, त्याला सॉकेट नावाची जोडणी लागते. आधी एकाला काही विचारलं की उत्तर येईपर्यंत प्रोग्रॅम नुसता ताटकळायचा. आता तो वाट बघता बघता बाकीची कामं उरकणार. म्हटलं, कळलं की... गिरणीत डबा ठेवायचा आणि दळण होईस्तोवर बाजार करून यायचा. त्याला वर्ष कशाला लागतंय? तिनं कपाळावर हात मारून घेतला.

ते काम त्याच संध्याकाळी भाषेच्या नव्या आवृत्तीत जाणार होतं. देशोदेशीच्या जाणत्यांनी तपासून हो म्हटलेलं. तिच्या बापानं तर कोडोलीच्या सगळ्या पावण्यांना फोन केले... काय काम ते त्यालाही कळलेलं नव्हतं, पण सांगितलं दणक्यात.

"आज्जी, नेट तू बंद केलंस व्हय?"

"केलं की. वीज पडल्यावर तुझा बाप आडवा येणार हाय काय?"

मला वाटलं, आता भांडण. पण ती स्क्रीनकडंच बघत राहिली. तोंड एवढंसं झालेलं.

तिची चाचणी चालू होती. पलीकडचा न सांगता गायब झाला तर किती वेळ थांबायचं आणि मग नाद सोडून उठायचं, हे तिनं प्रोग्रॅमला बजावून ठेवलेलं. वेळ उलटून गेली तरी गडी बसलेलाच... ना तक्रार, ना हालचाल. तिनं मला डबा परत चालू करून बंद करायला लावला. परत तेच. खोट तिच्याच कामात होती.

आत्ता कळवलं तर ही आवृत्ती हुकणार. पुढची केव्हा, देव जाणे. मी आपली व्यवहाराची बाई... म्हटलं, "एवढ्या शहाण्यांस्नी दिसलं न्हाई, ते तू कशाला दाखवतीस? जाऊ दे की. मागनं कर दुरुस्त."

"आज्जी, हे भाषेबरोबरच सगळ्यांकडं जातंय. कोण तपासत न्हाई, डोळं झाकून वापरत्यात. उद्या एखाद्या दवाखान्यात असंच बसून राहिलं तर?"

माझं तोंड बंद करणं सासूलाही जमलं नव्हतं, ते या पोरीनं केलं.

मग तिनं डबा चालू करायला लावला आणि स्वतःच लिहून कळवलं... माझं काम आत्ता घेऊ नका, यात चूक आहे. पाठवताना बोट जरा अडखळलं, मी बघितलं. पाठवून झाल्यावर चहा मागितला आणि तो तसाच गार करून दुरुस्तीला बसली.

उत्तर आलं, बरं झालं सांगितलंत, पुढच्या आवृत्तीत बघू. दुरुस्ती तर काल झालीसुद्धा. घेतील की... न घेऊन जातात कुठं!

आता हे सगळं तिच्याकडूनच लिहून घेतलंय, कारण मला अक्षर येत नाही. आमच्यात पोरांना तोंडावर शाबासकी द्यायची रीत नाही, डोक्यावर बसतात. म्हणून तिला म्हटलं, तुझ्याच हातानं लिही... आज्जीला तुझा लई अभिमान हाय. एवढं एक वाक्य लिहायला तिनं फार वेळ लावला.