मी कुत्रा म्हणालो नाही

तुमचा विश्वास बसावा म्हणून हे लिहीत नाही. भुताखेतांवर माझाच कधी बसला नाही. आमच्या पणजाने कोकणातून मॉरिशसला येताना ती जहाजात बरोबर आणली असतील, तर त्याच्याबरोबरच गेली, असं मी छातीठोक सांगायचो...

साठच्या दशकातली गोष्ट. मी रोझ बेलचा, टॅक्सी चालवायचो. ऊसतोडीचा हंगाम, लख्ख दुपार. कार्तिए मिलितेरला पॅसेंजर सोडून रिकामा परतत होतो. सरळ रस्ता, दोन्हीकडे ऊस. एकदम गाडीपुढे माणूस! कमरेला गोणपाट, एक हात वर. मी करकचून ब्रेक मारला. गाडी थांबली — आणि समोर कुणीच नाही.

मागून उसाचा ट्रक येत होता. मला चुकवायला तो डावीकडे वळला आणि चरात कलंडला. ड्रायव्हर आंद्रेचा पाय मोडला. माझ्या गाडीला ओरखडाही नाही.

तरी केस माझ्यावर! ट्रकमालकाचं म्हणणं — धडक दिली नाही, पण विनाकारण थांबून अपघात यानेच घडवला.

माझा वकील म्हणाला, “कुत्रा आडवा आला म्हणा. सुटाल.”

बायको काकुळतीला आली. “अहो, म्हणा ना कुत्रा! लायसन्स गेलं तर खायचं काय?”

“माणूस पाहिला, माणूसच सांगणार.”

तेच सांगितलं. कोर्ट हसलं.

“शेतातल्या कुणालाच कसा दिसला नाही?” मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

“ते त्यांना विचारा, साहेब. मी माझं सांगतोय.”

मग बाहेर बसवलेल्या आंद्रेला आत बोलावलं. अपघातानंतर आमची भेटही झाली नव्हती. उजवीकडे रस्ता मोकळा असताना तू चरात का गेलास, असं त्याला विचारलं.

“लारूत पा ती लिब, मिस्ये!” तो क्रिओलमध्ये उसळला. “मोकळा नव्हता रस्ता! टॅक्सीच्या उजव्या, ड्रायव्हरकडच्या दारावर हात ठेवून माणूस उभा होता. गोणपाट गुंडाळलेला.”

आता कुणी हसलं नाही. पण निकाल माझ्याविरुद्धच गेला. लायसन्स काही महिने जप्त झालं. तेवढे महिने मी दुसऱ्यांच्या उसात खुरपणी केली — ताठ मानेने. भास म्हणा, ऊन लागलं म्हणा. दोघांना एकच ऊन लागतं का?

निकालानंतर कोर्टाच्या पायऱ्यांवर आंद्रेने मला गाठलं.

“तो वाकून काय सांगत होता तुला?”

“मला? काहीच नाही!”

“मग तू मान का हलवत होतास?”