गाठीची तार

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते आमच्या कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबच्या मॅडमचे. त्यांनी माझ्या उजव्या मनगटावर लाकडी रीप हाणली आणि हाड मोडलं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. आज मी मोटरी चालवणारे कंट्रोलर तपासायचं काम करतो आणि माझी दहाही बोटं चालतात. हे त्या रिपेमुळे कसं, ते सांगायचं आहे.

तिसऱ्या वर्षाला आम्ही लढणारा रोबो बनवत होतो. अशा स्पर्धेत जाड पारदर्शक भिंतींच्या पिंजऱ्यात दोन रोबो सोडतात, आणि त्यातला एक हलायचा थांबेपर्यंत ते एकमेकांना फोडत राहतात. आमच्या रोबोच्या पुढे लोखंडी ड्रम होता आणि त्या ड्रमवर दोन दात. ड्रम फिरायला लागला की आधी गुणगुण यायची, मग शिट्टी, मग असा आवाज की दाढा ठणकायच्या. लांब रिपेने आम्ही त्याच्यापुढे हाताला लागेल ते सरकवायचो. प्लायवूडचा भुगा व्हायचा. एकदा मेसमधलं फुटकं अॅल्युमिनियमचं पातेलं सरकवलं, तर ते एका घावात फाटलं, छताला आपटलं आणि खाली येताना ट्यूबलाइट घेऊन आलं. आम्ही जाळीमागे खाली बसून हसत होतो. मला ते सगळं आवडायचं, हे खोटं कशाला बोलू.

माझा जोडीदार उरणकडचा. त्याच्या आजोबांची मिठागरं होती, वडिलांचे ट्रक आहेत. तो गॅरेजमध्ये वाढला आणि मी बोटीवर. माझे बाबा आगरदांड्याला एका मच्छीमार बोटीवर तांडेल आहेत, म्हणजे बोटीवर त्यांचा शब्द शेवटचा. आम्ही दोघं एकमेकांना नावाने हाक मारत नव्हतो.

"काय रे खलाशी, सोल्डर करतोस का जाळं विणतोस?"

"गप रे क्लीनर. तू जाऊन टायरला लाथ मार."

एवढ्यावर भागलं तर ठीक, नाहीतर कॉलरपर्यंत हात जायचे. ड्रिलचं पातं कुणी मोडलं यावरून आम्ही एकदा वर्कशॉपच्या फरशीवर लोळून भांडलो होतो. मॅडमनी आम्हाला वेगळं केलं आणि दोघांच्या हातात झाडू दिला.

मला मात्र भांडण परवडणारं नव्हतं. बाबा बोलायच्या आधी मारणारे. मला कॉलेजात पाठवताना त्यांनी एकच गोष्ट सांगितली होती: "कॉलेजातनं एक जरी तक्रार आली, तर बॅग भरायची आनि बोटीवर यायचं. मी दुसऱ्यांदा इचारनार न्हाय." आणि ते विचारत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

आता तारांचं. स्पर्धा जवळ आली तेव्हा लाल तार संपली होती. जोडीदाराने गॅरेजमधून जाड तार आणली, पण सगळी काळी. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंत दोन तारा जातात, प्लस आणि मायनस. कंट्रोलर मोटरींना हवी तेवढी ताकद वाटून देतो. पण त्यालाच उलटी बॅटरी जोडली तर तो काही वाटत नाही, सरळ वाट मोकळी करून देतो, आणि बॅटरीतली सगळी ताकद एका दमात त्याच्यातून धावते. म्हणून कुठली तार कुठली, याची खूण हवी. खूण म्हणून आम्ही जाड दोऱ्याची गाठ बांधायची ठरवली. त्यावर चर्चा करायची गरज दोघांनाही वाटली नाही, कारण दोघांनाही ती लहानपणापासून माहीत होती.

बोटीवर खाऱ्या हवेने तारांचे रंग उडून जातात, आणि इंजिनाच्या खणात नीट दिसतही नाही. म्हणून आमच्याकडे प्लसच्या तारेला जाळ्याच्या दोऱ्याची गाठ मारतात. ओल्या हाताला गाठ लागली की समजायचं, ही चावणारी. तिकडे जोडीदाराच्या गॅरेजमध्ये गाठ मारतात ती मायनसला, ट्रकच्या सांगाड्याला जाणाऱ्या तारेला. कारण बॅटरी काढताना आधी ती सोडायची असते आणि पोराने अंधारातही तीच आधी सोडावी. दोन्हीकडची माणसं आपापल्या जागी शहाणी. बॅटरीकडची अर्धी बाजू मी केली, कंट्रोलरकडची त्याने. मॅडमची शिस्त होती की मीटर लावल्याशिवाय काही जोडायचं नाही. आम्ही मीटर लावला. माझी बाजू बरोबर होती, त्याची बाजू बरोबर होती. मधला जोड मात्र रोबोच्या पोटात, दोन बोटं जेमतेम शिरतील अशा फटीत होता. तिथे बोटं घालून मी चाचपलं, गाठीच्या तारेला गाठीची तार लावली आणि बोल्ट आवळला.

जोडीदाराने फोन स्टुलावर उभा करून चित्रण सुरू केलं. प्रत्येक चाचणीचं आम्ही करायचो. मी रोबो चालू करायची चावी फिरवली.

फटाका कानाशी फुटावा तसा आवाज झाला. कंट्रोलर होता तिथे पांढरा लोळ उठला आणि तारांवरचं आवरण मेणासारखं गळायला लागलं. चावी वितळून तिथेच बसली, उलटी फिरेना. मी रोबोच्या पोटात हात घातला, बॅटरी धरली आणि तारांसकट उपटून काढली. ती फुगायला लागली होती आणि फुसफुसत होती.

"टाक ती," जोडीदार ओरडला. "भाई, टाक ना."

मी टाकली नाही. मी ती छातीशी धरली. बोटीत पाणी शिरलं की आधी बॅटरी उचलायची आणि छातीशी धरून उभं राहायचं. बॅटरी गेली तर इंजिन गेलं, वायरलेस गेला, सगळे गेले. आठवीत असताना एकदा माझ्या हातून ती निसटून पाण्यात पडली, तेव्हा बाबांनी भर समुद्रात मला दोरखंडाने मारलं होतं. बाकीचे खलाशी दुसरीकडे बघत राहिले. तेव्हापासून माझे हात बॅटरी सोडायला विसरले होते. तळवे भाजत होते, शर्टाला धूर येत होता, आणि मला पक्कं वाटत होतं की मी बरोबर करतोय.

जोडीदाराने माझ्या तोंडावर बुक्की मारली. माझा ओठ फाटला. मी त्याला लाथ घातली, तो टेबलावर जाऊन पडला, पण बॅटरी माझ्या छातीशीच. तो उठून पुन्हा आला आणि माझी बोटं उचकटायला लागला. मी त्याच्या हाताला चावलो.

मॅडम दारातून कधी आल्या ते मी पाहिलं नाही. रीप हवेत उठलेली तेवढी दिसली. हाड मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, दुखलं नंतर. हात खाली पडला, बॅटरी फरशीवर पडली. मॅडमनी तिला लाथेने कोपऱ्यात उडवलं, आणि ती कोपऱ्यात पोचते न पोचते तोच पेटली. ज्वाळा माणसाच्या उंचीची होती, पिवळी नाही, पांढरी. भिंतीवरचा रंग पापड फुगावा तसा फुगला. मॅडम वाळूच्या बादल्या ओतत राहिल्या. त्यांच्या पुढच्या केसांचा जळका वास आला.

आग दबली तेव्हा आम्ही दोघं पुन्हा एकमेकांवर धावलो.

"गाठ मायनसला असते, येड्या."

"कुणी शिकवलं तुला? गाठ प्लसला."

माझा एक हात लोंबत होता, तरी मी दुसऱ्याने त्याचा गळा धरला होता. मॅडमनी तीच रीप आमच्या मधे घातली. "आणखी एक हाड मोडायचं आहे का? मला आज सवय झाली आहे," त्या म्हणाल्या. मग त्या खाली बसल्या.

कॉलेजच्या ऑफिसातून घरी फोन गेला. ऑफिसातल्या माणसाने एवढंच सांगितलं की शिक्षिकेच्या माराने मुलाचं मनगट मोडलं आहे. दुसऱ्या दिवशी बाबा आले. व्हरांड्यात मॅडम समोर दिसताच त्यांनी विचारलं, "माझ्या पोराला मारनारी कोन?"

"मी," मॅडम म्हणाल्या. "आणि पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा मारीन. आधी काय झालं ते ऐकून घ्या."

बाबांनी पुढचं ऐकलं नाही. त्यांचा हात उठला. जोडीदार मधे घुसला आणि ती थप्पड त्याच्या कानावर बसली. तो भिंतीला धडकून खाली बसला. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. बाबांनी माझा शर्ट मुठीत धरला आणि मला एसटी स्टँडपर्यंत तसंच ओढत नेलं. वाटेत मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शिकवनारी बाई रागाबिगर मारल व्हय? मला शिकवतोस?"

आगरदांड्याला माझा फोन वाजला. कॉलेजचा नंबर होता. बाबांनी फोन घेतला आणि जेट्टीच्या दगडावर आपटला. मग उचलून पुन्हा आपटला. राहिलेलं त्यांनी पाण्यात फेकलं.

मी प्लास्टर घातलेल्या हाताने बोटीवर जायला लागलो. डाव्या हाताने मासळी निवडायची, बर्फ फोडायचा. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसता येणार नव्हतं, आणि रोज ती कमी होत होती. मी एकदा तसं म्हटलं, तर बर्फ फोडायचा टोच्या बाबांनी माझ्या पायाजवळच्या फळीत रोवला. "परीक्षा इथं हाय," ते म्हणाले. आई घरी रडायची आणि माझ्या पुस्तकांवरची धूळ पुसायची.

आणि एक दिवस जोडीदार मुरुडपर्यंत एसटीने आणि पुढे रिक्षाने आला. जेट्टीवर बाबा जाळं सांधत बसले होते, मी पलीकडे मासळी निवडत होतो. त्याच्या कानाला अजून कापूस होता.

"परत आलास? दुसरा कान ऱ्हायलाय तुजा," बाबा म्हणाले.

"तो पण घ्या काका. पण आधी हे बघा." त्याने फोन पुढे धरला. "आणि मग मला सांगा, तुमच्या बोटीवर गाठ प्लसला कशाला मारता. आमच्याकडं असं कोणी केलं तर आमचा ड्रायव्हर त्याला जॅकनी हाणील."

"तुमचे डायवर उलट्या डोक्याचे. गाठ चावनाऱ्या तारेला. आन् कुटं मारनार?"

"आधी सोडायची तिला."

"सोडायला कोन बसलंय? हिकडं बोट बुडते."

दोघं तावातावाने भांडायला लागले. बर्फाच्या गाडीवरची माणसं थांबून ऐकायला लागली. मग कधीतरी बाबांनी फोनकडे पाहिलं.

चित्रण छोटंसंच होतं. बाबांनी ते पाहिलं, परत लावायला सांगितलं, आणि पुन्हा परत. आगीपाशी ते थांबत नव्हते. मॅडमच्या रिपेपाशीही नाही. मी बॅटरी छातीशी धरून उभा आहे, माझ्या शर्टातून धूर येतोय आणि मी ती सोडत नाही, तिथे त्यांनी फोनवर बोट ठेवलं आणि चित्र थांबवलं. मग उठले आणि माझ्या जवळ आले. मी सवयीने मान खाली घातली. त्यांनी मारलं नाही. माझा भाजलेला तळवा उलटा करून पाहिला आणि सोडून दिला.

"बाईनं बराबर मारलं," ते जोडीदाराला म्हणाले. "मी असतो तर कोपरावर हाणलं असतं, जरा लवकर." आणि माझ्याकडे न बघता, "सोमवारी जा."

माझ्याकडे फोन नव्हता आणि मॅडमचा नंबर त्याच्याबरोबर समुद्रात गेला होता. जोडीदार परत निघाला तेव्हा त्याच्या हाती मी हे पत्र दिलं. डाव्या हाताने लिहिल्यामुळे अक्षर वेडंवाकडं होतं. मॅडमनी ते जपून ठेवलं होतं, म्हणून मला जसंच्या तसं इथे देता येतं.

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार. अक्षराबद्दल माफ करा. मी सोमवारी कॉलेजला येत आहे. बाबांनी चित्रण पाहिलं आणि परवानगी दिली. हजेरी किती भरली आहे ते मला माहीत नाही. कमी पडत असेल तर जे काय करावं लागेल ते मी करीन, लॅब झाडायला सांगितली तरी चालेल.

तुम्ही बाबांना सगळं सांगणार होतात, पण त्यांनी ऐकून घेतलं नाही, आणि मला नीट सांगता आलं नाही. तुमचे केस जळले त्याबद्दलही मी तेव्हा काही बोललो नाही. डॉक्टर म्हणाले की बोटं सगळी चालतील. मी रोज हलवून बघतो. करंगळी जरा उशिरा हलते, पण हलते. तुम्ही आणखी थोड्या उशिरा आला असतात तर मी हे पत्र कुणाकडून तरी लिहून घेत असतो.

नवा कंट्रोलर मिळेल का हे विचारायची लाज वाटते, पण विचारतो. मिळाला तर बॅटरीच्या टोकापासून कंट्रोलरच्या टोकापर्यंत सगळी वाट आम्ही तुमच्यासमोर मीटरने मोजू आणि तुम्ही हो म्हटल्याशिवाय चावीला हात लावणार नाही. नाही मिळाला तरी मी येणार आहे.

बाबा मला सोडायला येतो म्हणतात. त्यांना तुमच्याशी बोलायचं आहे. काय बोलणार ते सांगत नाहीत. ते खूप मोठ्याने बोलतील आणि हातवारे करतील, पण तुम्ही घाबरू नका, ते समुद्रावर तसंच बोलतात आणि जमिनीवर त्यांना दुसऱ्या तऱ्हेने बोलता येत नाही. येताना ते सुरमई आणणार आहेत. तुम्ही खात नसाल तर कृपा करून त्यांच्यासमोर नाही म्हणू नका.

तुमचा विद्यार्थी