माझी टॉप-अप पॉलिसी

चहा ढवळणारा चमचा मध्येच थांबला की घर केवढं गप्प होतं, ते परवा कळलं.

माझ्या आहे त्या आरोग्य विम्याला आणखी एक जोड घ्यावी का, हे ठरवायला मुलाने एजंटला घरी बोलावलं होतं. एजंट म्हणाला, "टॉप-अप घ्या. फक्त काकांच्या मधुमेहासाठी पहिली तीन वर्षं काही मिळणार नाही."

"तोवर मी कुठला राहतोय!" मी हसून म्हटलं.

एजंटच्या चहात साखर ढवळणारा सुनेचा चमचा थांबला. मुलगा माझ्या सुजलेल्या पावलांकडे बघत राहिला.

म्हातारा माणूस मरणाचा विषय काढतो तो काय मरायची हौस म्हणून? 'काहीतरीच काय बोलता, बाबा!' असं कोणीतरी डाफरावं म्हणून काढतो. त्या लटक्या रागावर तर आम्ही दिवस ढकलतो. तेवढं फुकटचं खोटंही परवा कोणाला सुचेना. दोघंही मनात माझी वर्षं मोजत होती.

"मग राहू दे," मुलगा एजंटला म्हणाला.

चमचा पुन्हा फिरू लागला. माझ्या चहातल्या साखरेवरून रोज भांडणाऱ्या सुनेला मी म्हटलं, "आज मला दोन चमचे घाल."

तिने घातले.